टॉम अँड जेरी: पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पडदा लागतो आणि आम्ही जुनी कार्टून दाखवतो. पुढे सतरंजीवर पोरं, मागे खुर्च्यांवर त्यांचे आईबाबा आणि आजीआजोबा. घरी गेल्यावर व्हॉट्सॲपवर प्रश्न सुरू होतात, आणि ते बहुतेक टॉम अँड जेरीबद्दलच असतात. तेच ते पुन्हा टाइप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतो. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे तो क्रमांक सांगितला आहे.

१. टॉम अँड जेरीचे एकूण भाग किती? कोणी केले?

तुम्ही कोणते भाग मोजता त्यावर आकडा ठरतो. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीने एमजीएम स्टुडिओसाठी १९४० ते १९५८ या काळात ११४ लघुपट केले. लोक ज्यांना 'खरे' टॉम अँड जेरी म्हणतात ते हेच. त्यानंतर १९६१-६२ मध्ये जीन डाइच यांनी १३ आणि १९६३ ते १९६७ मध्ये चक जोन्स यांनी ३४ भाग केले. बेरीज १६१. पुढे टीव्हीसाठी झालेल्या मालिका आणि मोठे सिनेमे यात धरलेले नाहीत.

या पानावर मी बहुतेक पहिल्या ११४ बद्दलच बोलतो. नंतरचे वेगळे का वाटतात ते प्रश्न १० मध्ये.

२. हे मुलांसाठीच बनवलं होतं ना?

नाही. त्या काळी अमेरिकेत थिएटरमध्ये मुख्य सिनेमाआधी बातमीपट आणि असा एखादा सात-आठ मिनिटांचा लघुपट दाखवत. समोर सगळ्या वयाचे प्रेक्षक असायचे, त्यात दिवसभर राबून आलेले लोक आणि युद्धाच्या वर्षांत सुट्टीवर आलेले सैनिकही. तळघरात अंड्यांचे हातबॉम्ब करून चाललेली लढाई ('द यँकी डूडल माउस', १९४३) पाहताना त्या प्रेक्षकाला रोजच्या पेपरमधलं युद्ध आठवत होतं.

टीव्हीवर शनिवारी सकाळी मुलांसाठी म्हणून हे दाखवायला सुरुवात झाली ती १९६५ मध्ये. म्हणजे पहिली पंचवीस वर्षं ही मोठ्यांचीही करमणूक होती. म्हणून आजोबा नातवाइतकेच हसले तर त्यात नवल मानू नका.

३. 'स्लॅपस्टिक' म्हणजे नेमकं काय?

मारामारी, धडपड, पडणं-आपटणं यांतून निर्माण होणारा विनोद. शब्द आला तो एका वस्तूवरून. जुन्या इटालियन लोकनाट्यात विदूषकाच्या हाती दोन फळ्या जोडलेली एक काठी असे. तिचा फटका लागायचा हळूच, पण फळ्या एकमेकींवर आपटून आवाज मोठा व्हायचा. आवाज मोठा आणि मार छोटा, यातच या विनोदाची सगळी गंमत आहे. प्रश्न ११ वाचताना ती काठी डोक्यात ठेवा.

४. पहिल्या भागात टॉमचं नाव टॉम नव्हतं म्हणतात, खरं का?

खरं आहे. १० फेब्रुवारी १९४० ला आलेल्या 'पस गेट्स द बूट' मध्ये बोक्याचं नाव जॅस्पर आहे, आणि उंदराला तर पडद्यावर नावच नाही. हॅना आणि बार्बेराची नावंही त्यात झळकली नाहीत. श्रेय रुडॉल्फ आयझिंग यांना मिळालं. लघुपट लोकांना आवडला, ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला, आणि मग पुढचे करायचं ठरलं. नावांसाठी स्टुडिओतच स्पर्धा घेतली गेली. जॉन कार नावाच्या ॲनिमेटरने सुचवलेली 'टॉम आणि जेरी' ही जोडी निवडली गेली आणि त्याला ५० डॉलर मिळाले.

या पहिल्या भागात एक कल्पना अशी आहे की पुढच्या सगळ्या मालिकेचं बीज तिथेच दिसतं. घरातली बाई बोक्याला बजावते, अजून एक वस्तू फुटली तर घराबाहेर. उंदीर ते ऐकतो. मग तो टेबलाच्या कडेला एक ग्लास धरून उभा राहतो, आणि बोका जागच्या जागी थिजतो. एवढुसा जीव, पण हातात ग्लास आहे तोवर घर त्याचं. ताकद कोणाकडे आहे हे अंगावरून कळत नाही. पोरांना हे बघताक्षणी समजतं, कारण मोठ्या भावंडांशी त्यांचं रोज हेच चाललेलं असतं.

५. संवाद नाहीत, गोष्ट तीच ती, तरी ऐंशी वर्षांनी कंटाळा कसा येत नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि माझं उत्तर बरीच वर्षं पक्कं आहे. या लघुपटांत फटक्यापेक्षा फटक्याआधीची थांबलेली वेळ फार जपून केलेली आहे.

पुढच्या वेळी पाहाल तेव्हा एक करा. टॉमवर काही कोसळणार असेल तेव्हा वस्तूकडे बघू नका, टॉमच्या चेहऱ्याकडे बघा. काय होणार हे त्याला आधी कळतं. कान मागे जातात, डोळे प्रेक्षकांकडे वळतात, कधी कधी तो आवंढाही गिळतो. तो क्षण अर्ध्या-पाऊण सेकंदाचा असतो. तेवढ्यात आपल्यालाही कळलेलं असतं, आणि आपण टॉमच्या बाजूला उभे असतो. मग फटका. तो जरा आधी आला असता तर नुसता धक्का बसला असता, जरा उशिरा आला असता तर हवा गेली असती.

ही वेळ हॅना ठरवत. कुठली हालचाल किती फ्रेमची (फ्रेम म्हणजे फिल्मवरचं एक स्थिर चित्र), हे ते संगीताच्या मात्रा मोजावी तसं कागदावर मांडत. गोष्ट आणि गमती बार्बेरा रचत, भराभर रेखाटनं काढून. एकाकडे काय घडायचं आणि दुसऱ्याकडे कधी घडायचं, अशी वाटणी जवळजवळ वीस वर्षं टिकली.

दुसरं कारण म्हणजे हे लोक मूकपटांच्या जमान्यात वाढले होते. चॅप्लिन, कीटन यांनी शब्दांशिवाय जग हसवलं होतं, आणि तो धडा यांनी गिरवला. भाषाच नसल्यामुळे भाषांतराची गरज पडली नाही. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आलं तेव्हा इंग्रजी न येणाऱ्या घरांतही हा कार्यक्रम पहिल्या दिवसापासून कळला. माझ्या आजीने टॉमला कधी टॉम म्हटलंच नाही. "आला का तो बोका?" असं विचारत ती पदराला हात पुसत येऊन बसायची.

आणि गोष्ट 'तीच ती' आहे म्हणूनच बरं आहे. रागदारीत चीज माहीत असते, तरी आज कसा गातो ते ऐकायला आपण बसतोच ना.

६. संगीताचं एवढं कौतुक का करता? ते तर मागे वाजत असतं.

एकदा आमच्याकडे ऐन कार्यक्रमात स्पीकर बंद पडला. चित्र चालू, आवाज गायब. पोरं तीन-चार मिनिटं बघत राहिली, पण हशा निम्म्याहून कमी झाला. टॉम धावत होता, पण त्याला वजन नव्हतं. आपटत होता, पण लागत नव्हतं. स्पीकर परत सुरू झाल्यावर पहिल्याच जिना उतरण्याच्या दृश्याला हॉल पुन्हा हसू लागला. संगीत मागे वाजत नाही हे मला त्या दिवशी पक्कं कळलं.

हे संगीत स्कॉट ब्रॅडली यांचं. पाऊल उचललं की सूर, पाऊल टेकलं की सूर. पापणी लवली तरी एखादं वाद्य बोलतं. वाजवायला एमजीएमचा ऑर्केस्ट्रा होता, मोठ्या संगीतपटांसाठी वाजवणारे तेच वादक. ब्रॅडली यांनी जॅझ, लोकप्रिय गाणी, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत हे सगळं वापरलं. 'पटिंग ऑन द डॉग' (१९४४) मध्ये तर कुत्र्याचं मुंडकं घालून चालणाऱ्या जेरीसाठी त्यांनी बारा-स्वरी पद्धत वापरली, म्हणजे सप्तकातले बाराही स्वर सारख्याच मानाने वापरायची रचना. मैफलीतल्या श्रोत्यांनाही जड जाणारं हे संगीत उंदराच्या चालीला असं बसलं की कोणाला काही वेगळं वाटलंच नाही.

सगळ्यात उंच टोक म्हणजे 'द कॅट कॉन्चर्टो'. टॉम कोट घालून मंचावर येतो, वाकून नमस्कार करतो, पियानोवर लिस्ट या संगीतकाराची दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी ही रचना सुरू करतो. जेरी पियानोच्या आत, हातोड्यांवर झोपलेला. पहिल्या सुरांनीच त्याची झोप मोडते. इथून पुढे टॉमला दोन कामं एकाच वेळी करायची आहेत, जेरीला आवरायचं आणि मैफल सुरू ठेवायची. झाकण बोटांवर आदळतं, पट्ट्यांच्या जागी उंदराचा सापळा येतो, तरी पियानो थांबत नाही. टॉमची बोटं नीट बघा. ती पियानो वाजवणाऱ्या माणसासारखीच पडतात. शेवटी टॉमचा कोट फाटलेला, कॉलर सुटलेली, तो गळून पडतो. समारोप जेरीच आत बसून वाजवतो, आणि प्रकाशाचा झोत त्याच्यावर जातो. आमच्या ओळखीच्या एक पेटी शिकवणाऱ्या बाई हा भाग पाहताना हसल्या नाहीत, डोळे पुसत होत्या. मंचावर असताना काहीही झालं तरी लय सोडायची नाही, हे त्यांनी आयुष्यभर शिकवलं आहे.

७. टॉमची ती किंकाळी कोणाची?

खुद्द विल्यम हॅना यांची. एकदा रेकॉर्ड केलेला तो आवाज भाग बदलले तरी पुन्हा पुन्हा वापरला गेला. दिग्दर्शकच ओरडतो, म्हणून ती किंकाळी नेमक्या क्षणी येते असं मला आपलं वाटतं.

८. एक भाग करायला किती चित्रं लागायची?

हिशेब करून बघा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चालतो. सात मिनिटं म्हणजे १०,०८० फ्रेम. एक रेखाटन दोन फ्रेम ठेवलं तरी एका पात्राची पाच हजारांवर चित्रं होतात, आणि पडद्यावर पात्रं दोन किंवा जास्त. प्रत्येक चित्र आधी पेन्सिलने, मग सेलवर, म्हणजे पातळ पारदर्शक तावावर, शाईने, मग मागच्या बाजूने रंगवून, आणि शेवटी रंगवलेल्या पार्श्वभूमीवर ठेवून कॅमेऱ्याखाली.

हॅना-बार्बेरांची नावं सगळ्यांना माहीत असतात, म्हणून ॲनिमेटरांची मुद्दाम सांगतो: केनेथ म्यूज, अर्व्ह स्पेन्स, एड बार्ज, रे पॅटरसन. टॉमचा जबडा जमिनीपर्यंत लोंबतो, डोळे बाहेर येतात, अशा जागी बऱ्याचदा स्पेन्सचा हात असतो. म्यूजचा हात जास्त मऊ. 'अँकर्स अवे' (१९४५) मध्ये नट आणि नर्तक जीन केलीबरोबर जेरी नाचतो, त्या दृश्यातही त्याचं काम आहे.

९. पहिल्यांदा दाखवायचे तर कोणते भाग निवडू?

या मालिकेला सात ऑस्कर मिळाले, त्यातले चार १९४३ ते १९४६ अशा सलग वर्षांचे. ते सात असे: 'द यँकी डूडल माउस', 'माउस ट्रबल', 'क्वाएट प्लीज', 'द कॅट कॉन्चर्टो', 'द लिटल ऑर्फन', 'द टू माउसकेटिअर्स' आणि 'योहान माउस'.

माझी स्वतःची सुरुवात नेहमी 'क्वाएट प्लीज' ने होते. स्पाइक कुत्र्याला झोपायचं आहे आणि आवाज झाला तर तो टॉमला सोडणार नाही. म्हणजे जेरीला टॉमला मारायची गरजच नाही, फक्त आवाज करायचा. टॉम पडणारे दिव्यांचे बल्ब एकेक झेलत जातो, आणि हॉलमधली पोरं आपोआप श्वास रोखतात. घरात आजोबा दुपारी झोपलेत आणि आपल्या हातून स्टीलचं ताट निसटलं, हा अनुभव नसलेलं मूल मला अजून भेटलेलं नाही.

नंतर 'माउस ट्रबल', मग 'द कॅट कॉन्चर्टो'. 'द टू माउसकेटिअर्स' लहानांना दाखवण्याआधी प्रश्न १३ वाचा.

१०. काही भागांत टॉमचा चेहराच वेगळा आणि आवाज विचित्र. नकली आहेत का?

नकली नाहीत. १९५७ मध्ये एमजीएमने आपला कार्टून विभाग बंद केला. जुने लघुपट पुन्हा थिएटरला लावले तरी जवळजवळ तेवढेच पैसे मिळतात, मग नवे कशाला करा, असा व्यवस्थापनाचा हिशेब होता. शंभरावर लोकप्रिय लघुपट दिलेल्या माणसांना असं घरी पाठवलं, हे मला आजही सहन होत नाही. हॅना आणि बार्बेरांनी मग टीव्हीसाठी स्वतःची कंपनी काढली आणि कमी चित्रांत भागवण्याची पद्धत बसवली.

पुढे एमजीएमला पुन्हा टॉम अँड जेरी हवे झाले तेव्हा काम तेव्हाच्या कम्युनिस्ट चेकोस्लोव्हाकियातल्या प्राग शहरात जीन डाइच यांच्याकडे गेलं. पैसे थोडे, आणि तिथल्या कलाकारांनी मूळ मालिका फारशी पाहिलेली नव्हती. त्या १३ भागांत घुमणारे, पोकळ आवाज येतात, हालचाली तुटक वाटतात. शीतयुद्धाचे दिवस होते, त्यामुळे चेक कलाकारांची नावं इंग्रजी वळणाची करून छापली गेली. लोक या भागांना नावं ठेवतात. मला ते आवडत नाहीत, पण त्या परिस्थितीत ज्यांनी ते केले त्यांच्याबद्दल आदर आहे.

जाड भुवयांचा टॉम आणि मोठ्या कानांचा, गोड डोळ्यांचा जेरी दिसला तर तो चक जोन्स यांचा. देखणे भाग आहेत. पण जोन्स यांचा टॉम पोज देऊन थांबतो, आणि हॅनांचा टॉम धावता धावता थांबतो. फरक तिथे आहे.

११. इतकी मारामारी! लहान मुलांना दाखवावं का?

माझा भाचा तीन वर्षांचा असताना टॉमच्या तोंडावर तवा बसला की माझा हात धरून विचारायचा, "मामा, त्याला लागलं?" सहाव्या वर्षी तोच पोटात दुखेपर्यंत हसला. मधल्या काळात त्याला कळलं की तव्याच्या आकाराचा झालेला चेहरा पुढच्या क्षणी जागेवर येतो. आवाज मोठा, मार छोटा. प्रश्न ३ मधली काठी तीच.

म्हणून माझं म्हणणं असं. मूल "लागलं का?" विचारत असेल तर थांबा, किंवा शेजारी बसा. खऱ्या आणि चित्रातल्या दुखण्यातला फरक कळू लागला की खुशाल दाखवा. विजेचा सॉकेट, सुरी, काडेपेटी यांच्याबद्दल मात्र आईबाबांनी तोंडाने स्पष्ट सांगायला हवं. ते काम कार्टूनवर सोडू नका.

सिगारेटबद्दलही विचारणा होते. २००६ मध्ये ब्रिटनमध्ये एका प्रेक्षकाच्या तक्रारीनंतर 'टेक्सस टॉम' आणि 'टेनिस चम्प्स' मधल्या धूम्रपानावर चर्चा झाली, आणि ही कार्टून टीव्हीवर दाखवणाऱ्या टर्नर कंपनीने असे प्रसंग कापायचं मान्य केलं.

१२. जिचे फक्त पाय दिसतात ती बाई कोण? कुठे तिचा आवाज वेगळा का येतो?

ती घरकाम करणारी कृष्णवर्णीय बाई. तिला आवाज दिला लिलियन रँडॉल्फ यांनी. चेहरा जवळजवळ कधीच दिसत नाही. 'सॅटर्डे ईव्हनिंग पस' (१९५०) मध्ये ती धावत येते तेव्हा ओझरता दिसतो, तेवढाच.

हे पात्र त्या काळच्या अमेरिकेतल्या वर्णभेदी साच्यातून आलेलं आहे आणि त्यावर तेव्हाही टीका झाली. १९५२ नंतर ते दिसत नाही. टीव्हीसाठी साठच्या दशकात काही भागांत तिच्या जागी गोरी बाई काढली गेली, आणि नव्वदच्या दशकात आवाज पुन्हा रेकॉर्ड केला गेला. म्हणून एकाच भागाच्या दोन-तीन आवृत्त्या सापडतात. स्फोटानंतर चेहरा काळा होऊन केलेले विनोदही याच जातीचे आहेत. 'माउस क्लीनिंग' आणि 'कॅसानोव्हा कॅट' हे दोन भाग त्याच कारणाने अमेरिकेतल्या डीव्हीडी संचातून वगळले होते.

मी हॉलमध्ये हे भाग लावत नाही. मोठ्या मुलांना मात्र कापून टाकलेलं नव्हे, मूळ दाखवावं आणि हे चूक का ते सांगावं, या मताचा मी आहे. रँडॉल्फबाईंच्या आवाजातली धमक अस्सल आहे, आणि तीही पुसली जाऊ नये.

१३. शेवटच्या भागात दोघं मरतात म्हणे?

दरवर्षी हा फॉरवर्ड येतो. ज्या भागाबद्दल बोलतात तो 'ब्लू कॅट ब्लूज' (१९५६). प्रेमभंग झालेला टॉम रेल्वे रुळांवर बसलेला, शेवटी जेरीही त्याच्या शेजारी, आणि दुरून गाडीची शिटी. भाग खरोखर उदास आहे, त्यात जेरी आपल्याशी बोलतोही. पण तो शेवटचा नाही. त्यानंतरही भाग आले, आणि हॅना-बार्बेरांचा शेवटचा 'टॉट वॉचर्स' १९५८ चा आहे. लहान मुलांना 'ब्लू कॅट ब्लूज' दाखवू नका.

'द टू माउसकेटिअर्स' च्या शेवटी दूरवर गिलोटिन (मुंडकं उडवायचं यंत्र) पडल्याचं सूचित होतं. 'हेवनली पस' (१९४९) मध्ये टॉम पियानोखाली चिरडून थेट स्वर्गाच्या गाडीच्या फलाटावर पोचतो, पण ते स्वप्न निघतं. पुढच्या भागात टॉम नेहमीसारखा हजर असतोच.

१४. नेहमी जेरीच जिंकतो. हा टॉमवर अन्याय नाही का?

बहुतेक वेळा जेरी जिंकतो, नेहमी नाही. 'द मिलियन डॉलर कॅट' (१९४४) मध्ये टॉमला दहा लाख डॉलरचा वारसा मिळतो. अट एकच, कुठल्याही जिवाला इजा करायची नाही, उंदरालाही नाही. जेरी त्याचा पुरेपूर फायदा घेतो. शेवटी टॉम सगळ्या पैशांवर पाणी सोडतो आणि जेरीला धरून बदडतो. तो आनंदात आहे हे स्वतःच्या तोंडाने सांगतोही.

मी लहानपणी जेरीच्या बाजूने होतो, आता टॉमच्या आहे. नोकरी लागल्यावर बऱ्याच जणांचं असं होतं. त्याला घर राखायचं आहे, मालकिणीची बोलणी खायची आहेत, कुत्र्याला सांभाळायचं आहे, आणि वर हा उंदीर.

१५. मग ते मित्र आहेत की शत्रू?

'द नाइट बिफोर ख्रिसमस' (१९४१) पाहा. टॉम जेरीला बर्फात बाहेर काढून दार लावतो. मग शेकोटीपुढे बसतो, पण चैन पडत नाही. शेवटी दार उघडून गारठलेल्या जेरीला आत आणतो, ऊब देतो. टॉम दूध प्यायला वाकतो तर जेरी त्याला थांबवतो, कारण बशीत त्यानेच आधी सापळा लपवलेला असतो.

पण १९७५ च्या टीव्ही मालिकेत दोघांना सरळ मित्रच करून टाकलं, जेरीला गळ्यात बो बांधला, आणि सगळी जान गेली.

१६. यूट्यूबवर मराठी संवाद टाकलेल्या क्लिपा आहेत. त्या दाखवल्या तर चालतील?

चालतील, पण मूळ भाग आधी दाखवून. काही क्लिपांतली भाषा मुलांसमोर लावण्यासारखी नसते, तेवढं तपासा. काहींतली मराठी मात्र झकास असते. सातारी टॉम ऐकून मीही हसलो आहे. अडचण एवढीच की बोलणारा गप्प बसत नाही. प्रश्न ५ मध्ये सांगितलेली ती अर्ध्या सेकंदाची शांतता शब्दांनी भरून जाते, आणि टॉमच्या चेहऱ्याकडे बघायचं राहून जातं.

१७. हे सगळे भाग पाहून झाले. आता काय?

एमजीएममध्येच शेजारी बसून काम करणाऱ्या दिग्दर्शक टेक्स एव्हरींचे 'किंग-साइझ कॅनरी' (१९४७) आणि 'बॅड लक ब्लॅकी' (१९४९). टॉम अँड जेरीचा वेग चाळीसच्या दशकात वाढला त्यात एव्हरींच्या शेजाराचा मोठा हात आहे. मग चक जोन्स यांचा वॉर्नर स्टुडिओतला 'फास्ट अँड फ्युरी-अस' (१९४९), रोड रनरचा पहिला भाग. पुढच्या रविवारी हाच लावतोय. सहा वाजता, आणि या वेळी जादा स्पीकर आणून ठेवला आहे.